जगाच्या विषयपत्रिकेंत सर्पदंश

संस्कृतांत 'सूचीकटाहन्याय' म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. एकानें लोहारास कढई करावयास सांगितली आणि पाठोपाठ दुसऱ्यानें सुई मागितली, तर लोहार सुई आधीं घडवितो. कारण तें काम थोडक्यांत उरकतें. कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून, ह्याविषयीं कांहीं तरी नियम प्रत्येक घरांत, शाळेंत व कचेरींत असतोच. परंतु साऱ्या जगाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या सभेपुढें शेंकडों प्रश्न एकदम उभे राहतात, तेव्हां पाळी कोणाची आधीं लागते? जो प्रश्न मोठा त्याची, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत तसें घडतेंच असें नाहीं. सर्पदंशाच्या उदाहरणावरून ही गोष्ट वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यांत पावसानें जोर धरला, कीं पेठ, सुरगाणा, इगतपुरी ह्या बाजूस भाताच्या लावणीची घाई सुरू होते. माणसें दिवसभर अनवाणी खाचरांत उभीं असतात. त्याच वेळीं बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात व कोरड्या जागेच्या शोधांत घराच्या वळचणीस येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार विषारी साप आपल्याकडे विशेष घातक मानले जातात, आणि इस्पितळांत मिळणारी 'सापाची लस', म्हणजे प्रतिविष, ह्या चौघांच्या विषावर उतारा म्हणून केलेलें असतें. उतारा आहे, तरी माणसें मरतात. आणि मेलेल्यांचा हिशेबही फार दिवस नीट लागलेला नव्हता.

२०११ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत घरोघर जाऊन मृत्यूंचीं कारणें विचारलेलीं होतीं. तिच्यावरून भारतांत सर्पदंशानें वर्षास सुमारें ४६ हजार माणसें दगावतात असें निघालें. सरकारी इस्पितळांच्या कागदोपत्रीं जो आंकडा होता, त्याच्या ३० पटींहूनही हा अधिक! कारण उघड आहे. पुष्कळ माणसें इस्पितळापर्यंत पोंचतच नव्हतीं. मांत्रिकाच्या दारीं, वाटेंत किंवा आपल्या झोपडींतच त्यांचा शेवट होत होता. पुढें २०२० सालच्या अभ्यासानें २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांतील बळींची संख्या सुमारें १२ लाख, म्हणजे दर वर्षीं सरासरी ५८ हजार, ठरविली. त्यांतील निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले होते.

एवढा मोठा प्रश्न जगाच्या सभेपुढें केव्हांच गेला असेल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्या सभेची रीत पाहूं. जागतिक आरोग्य संघटना १९४८ सालीं स्थापन झाली. तिची महासभा दर वर्षीं बहुधा मे महिन्यांत जिनिव्हा येथें भरते. तत्पूर्वीं जानेवारींत ३४ सभासदांचें कार्यकारी मंडळ बसून महासभेची विषयपत्रिका तयार करितें. विषय आपल्या पायांनीं चालत तेथें येत नाहीं. कोणा तरी राष्ट्रानें तो मांडावा लागतो, इतरांनीं पाठिंबा द्यावा लागतो, आणि सोबत आंकडे व पुरावे जोडावे लागतात. ह्या संघटनेची 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगां'ची एक यादी आहे. तींत नव्या रोगास स्थान द्यावयाचें तर चार कसोट्या लावितात: त्याचा घाला मुख्यतः गरिबांवर पडत असून हानि मोठी असावी, तो उष्ण प्रदेशांतील असावा, त्यास आळा घालण्याचे उपाय हाताशीं असावेत, आणि संशोधकांनीं त्याची उपेक्षा केलेली असावी.

सर्पदंश ह्या चारही कसोट्यांस पुरेपूर उतरतो. तरी यादींतील पहिल्या प्रतीच्या रोगांत त्याची गणना होण्यास २०१७ सालचा जून महिना उजाडावा लागला. तत्पूर्वीं २०१४ मध्यें एका फ्रेंच कंपनीनें आफ्रिकेंतील सापांवरील आपलें प्रतिविष करणें बंद केलें, तेव्हां बरीच ओरड झाली. विषय मांडण्यांत पुढाकार घेतला तो कोस्टा रिका ह्या मध्य अमेरिकेंतील चिमुकल्या राष्ट्रानें. त्याची वस्ती अवघी ५० लाखांच्या आसपास. पण प्रतिविष तयार करणारी नामांकित संस्था त्याच्या पदरीं आहे. मे २०१८ मध्यें महासभेनें ठराव केला, आणि २०१९ मध्यें सर्पदंशाचे मृत्यु व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर झाली.

आतां कोणी विचारील, जिनिव्हाच्या ठरावाचा सुरगाण्याच्या खाचराशीं संबंध काय? संबंध असा, कीं मार्च २०२४ मध्यें भारत सरकारनेंही तेंच ध्येय ठेवून राष्ट्रीय कृतियोजना काढली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असें राज्यांस कळविलें. वरच्या यादींत नांव चढलें, म्हणजे खालच्या वहींतही तें चढूं लागतें.

मात्र ह्यावरून जगाच्या यादीची वाट पाहत बसावें, असें कोणीं समजूं नये. विंचूदंशास त्या यादींत अजून स्वतंत्र स्थान नाहीं. कोंकणांतील लाल विंचवानें कित्येक मुलें दगावत असत. महाडकडील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं रुग्णांच्या उशाशीं बसून त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला. त्यांचें निरीक्षण १९८२ सालीं 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकपत्रांत छापून आलें. पुढें प्राझोसिन ह्या साध्या औषधाचा त्यांनीं उपयोग केला व असंख्य जीव वांचले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या कार्याचाही पाया काळजीपूर्वक केलेली नोंद हाच होता.

रडल्याशिवाय आईही दूध पाजीत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. खाचरांत मेलेला मजूर रडूं शकत नाहीं, व त्याच्या बायकोस अर्ज लिहितां येतोच असें नाहीं. येथें सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्य आहे. आपल्या शेतावर वा घरीं राबणाऱ्या कोणास दंश झाल्यास जखम कापूं देऊं नये, चोखूं देऊं नये, आवळून बांधूं देऊं नये. अवयव हलूं न देतां तत्काळ इस्पितळ गांठावें व सोबत आपण जावें. आणि दुर्दैवानें माणूस गेलाच, तर मृत्यूच्या दाखल्यावर खरें कारण लिहिलें गेलें आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं वाचून पाहावें. मोजलें न गेलेलें दुःख सभेंत मांडतां येत नाहीं, आणि ती मोजणी आपल्याच गांवच्या दप्तरांत सुरू होते.