रजईला कात्री

2009च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा एका धडधाकट रजईला कात्री लावली. रजई जयपुरी होती, एकेरी, 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब, पांढऱ्यावर निळ्या बुट्ट्यांची. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आलेल्या भेटींत अशा तीन रजया होत्या. ठाण्याच्या थंडीत त्यांचं काम पडत नव्हतं; आल्या त्याच पिशव्यांत त्या दिवाणात पडून होत्या. इकडे ओट्यावरच्या मिक्सरचं प्लास्टिकचं कव्हर फोडणीच्या तेलाने चिकट, पिवळं, कडक होऊन कोपऱ्यांत तडकलं होतं. दुकानात नवं आणायला गेले, तर पुन्हा तेच प्लास्टिक, वर फळांची चित्रं छापलेली. तशीच परत आले आणि शिलाई मशीन उघडलं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रांची सगळी कव्हरं तयार रजयांतूनच शिवली गेली. या शिवणकामाचा माग काढायचा तर ठाणं सोडून सांगलीला, आजीच्या वाकळेपाशी जावं लागतं.

आजीच्या वाकळेत कापूस नसे. वर-खाली दोन नऊवारी लुगडी आणि मध्ये आजोबांची विरलेली धोतरं, कापडावर कापड. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत ती मध्यापर्यंत धावदोरा घालत यायची. कुठे विरलं की वरून ठिगळ, सगळीच विरली की वरून आणखी एक लुगडं. वाकळ अशी वर्षागणिक जड होत जाई. तिच्या मऊपणात किती जणांची वापरलेली वस्त्रं एकत्र आली आहेत, हे आम्हा मुलांना ठाऊक असायचं. हे आईचं डोहाळजेवणाचं, ते मोठ्या काकूचं, असं बोट ठेवून सांगता यायचं. म्हणूनच आजीचा एक दंडक होता. "वाकळंला कात्री लावायची न्हाई." वाकळ वाढवायची, जोडायची, फार तर तिच्या मापाने लहान दुपटं नव्याने घालायचं, पण कापायची नाही.

आईकडे मिक्सर आला 1978 साली. त्याआधी सगळं वाटण पाट्यावर. मिक्सर ही गोष्ट तेव्हा मध्यमवर्गीय घरात फार मोठी होती. परदेशी बनावटीची यंत्रं आपल्या सुक्या खोबऱ्याच्या, भिजवलेल्या डाळीच्या वाटणापुढे टिकत नसत. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा जर्मन मिक्सर असाच निकामी झाला, आणि त्यातून 1960च्या दशकात मुंबईत सुमीत मिक्सर जन्माला आला. आमच्याकडचाही सुमीतच. बाबांनी त्यासाठी कित्येक महिने पैसे बाजूला टाकले होते. तो घरात आला त्याच आठवड्यात आईने त्याला कव्हर शिवलं.

तिने आजीचा दंडक मोडला नाही. मिक्सरच्या मापाची एक छोटी वाकळच तिने घातली: बाहेरून जुन्या इरकली लुगड्याचा पदर, आतून मांजरपाट, मध्ये मलमलीचे दोन पदर. पुढून वर जाऊन मागे उतरणारी एक लांब पट्टी आणि दोन बाजूंना दोन तुकडे. जाड असल्यामुळे ते कव्हर स्वतःच्या अंगाने उभं राहायचं. एकपदरी कापडाचं कव्हर भांड्याच्या झाकणावर लोंबतं, ओल्या हातांनी ओढलं की सरकतं, तेल लगेच आत झिरपू देतं. टाके घातलेलं जाड कापड तसं करत नाही. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. वाकळ कशी पडते, कशी उभी राहते, हे तिच्या हातांना माहीत होतं.

त्या काळात घरातल्या प्रत्येक यंत्राला वस्त्र असे. रेडिओला पुढे जाळीसाठी चौकोन सोडलेलं कव्हर, शिलाई मशीनला गोट लावलेली झूल. मुंबई दूरदर्शन 1972च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं आणि हळूहळू गावोगावी टीव्ही आले. त्यांच्या लाकडी पेट्यांना सरकती दारं होती, तरी वर क्रोशाचं आच्छादन हवंच. रुखवतातही अशी आच्छादनं मांडलेली मी पाहिली आहेत. गोदरेजने 1958 साली भारतात फ्रिज बनवायला घेतले खरे, पण आमच्या गल्लीत पहिला फ्रिज दिसायला पुढची वीस वर्षं गेली, आणि दिसला तो माथ्यावर दोन्ही बाजूंना खिसे असलेलं कापड घेऊनच. त्या खिशांत वीजबिलं, रेशनकार्ड, चाव्या. हे सगळं दिखाव्यासाठी होतं असं म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. एखादी वस्तू घ्यायला वर्षभर काटकसर करावी लागली, तर रात्री ती झाकून ठेवणं ही तिची काळजी घेण्याची साधी रीत आहे. दुरुस्तीला माणूस मिळवणं, सुटा भाग मिळवणं तेव्हा सोपं नव्हतं.

मग 1990नंतर प्लास्टिकची तयार कव्हरं आली, स्वस्त होती, पुसता यायची. मीही वापरली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

2009च्या त्या दुपारी मात्र मी मोठी चूक केली. आईचं कव्हर डोळ्यांपुढे ठेवून रजईवर खडूने माप आखलं आणि सरळ कापत गेले. वाकळ कापली असती तर एवढं बिघडलं नसतं, कारण तिच्यात बाहेर पडण्यासारखा कापूस नसतो. रजईची गोष्ट निराळी. जयपूरची रजई पाव किलो कापसाची म्हणून नावाजलेली. तो बारीक पिंजलेला कापूस जागच्या जागी राहतो तो हाताने घातलेल्या लांब टाक्यांमुळे. त्या टाक्यांना तिकडे तगाई म्हणतात. कात्री फिरली तशी प्रत्येक ओळीतली तगाई कडेपासून उसवत गेली आणि कापूस पुंजक्यांनी बाहेर येऊ लागला. कुणा अनोळखी बाईने दिवसभर बसून घातलेले टाके माझ्या मांडीवर सुटत होते. मला मनापासून वाईट वाटलं. आजीचा दंडक आठवला. तो तुकडा मी फेकला नाही. त्याची गरम भांडी उतरवायची धरणी केली, आणि पुढचा तुकडा कापण्याआधी दोन दिवस नुसता विचार केला.

उपाय सोपा निघाला. कापायची रेघ आखल्यावर तिच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर मशीनची टीप घालायची, टाका जरा मोठा ठेवून. दोन्ही टिपा पडल्या की मधून कापायचं. मग तगाई उसवली तरी ती टिपेपाशी थांबते. सुई 16 नंबरची, शिवण एकावर एक येते तिथे 18 नंबरची. दाबपट्टीचा दाब थोडा सैल करायचा, नाहीतर खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे राहतो. त्यासाठी आधी हाताने कच्चा धावदोरा घालून घेणं उत्तम. दोन तुकडे जोडताना शिवणीत जाणाऱ्या अर्ध्या इंचातला कापूस चिमटीने काढून टाकायचा, म्हणजे शिवण फुगत नाही. आतली कड उरेब पट्टीने बांधायची. आणि या सगळ्याच्या आधी रजई एकदा वेगळ्या बादलीत भिजवून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवायची. ठशांच्या छपाईचा रंग सुटतो, सुती कापड आटतं. हे कव्हर शिवून झाल्यावर कळणं फार त्रासाचं असतं.

पण तयार रजईने मला खरी देणगी दिली ती तिच्या कडेची. चारही बाजूंना मगजी लावून ती तयारच असते. आईची लांब पट्टीची रीत सोडून मी आडव्या पट्ट्यावर आले ते यामुळे. मिक्सरच्या घेराएवढा पट्टा रजईच्या कडेवरूनच काढायचा, म्हणजे कव्हरचा खालचा काठ आयताच शिवलेला मिळतो. आमच्या मिक्सरचा तळ भांड्याच्या मुठीसकट 10 बाय 9 इंच, उंची 17. घेर झाला 38. त्यात कापसाची जाडी दोन इंच तरी खाते आणि शिवणीला एक, म्हणजे 41 इंच लांब आणि 18 इंच रुंद पट्टा. रजईच्या 90 इंची बाजूवर असे दोन पट्टे बसतात, समोरच्या बाजूवर आणखी दोन. मध्ये 24 इंच रुंदीचा पन्हा उरतो, त्यातून वरच्या टोप्या आणि खिसे. एका एकेरी रजईतून चार यंत्रांची वस्त्रं. पहिल्या रजईतून मिक्सर, टोस्टर, इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर आणि शिलाई मशीन अशी चार झाली. एक लांब पट्टी उरली, ती घडी करून ठेवली.

ग्राइंडरने मला पुढचा धडा दिला. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कव्हराला कुबट वास येऊ लागला. पीठ काढून, भांडं धुऊन मी लगेच झाकत होते. आतली ओल कापसाने पिऊन घेतली आणि तिथे बुरशी धरली. तेव्हापासून यंत्र पुसून, तासभर उघडं ठेवूनच झाकायचं, आणि जून ते सप्टेंबर कव्हरं आठवड्याला उन्हाच्या कवडशात टाकायची हा घरचा नियम झाला. दर पंधरा दिवसांनी ती उलटी करून झटकायचीही. मोटारीजवळची ऊब आणि अंधार झुरळांना फार आवडतो.

काय झाकू नये हेही याच वर्षांत उमजत गेलं. मला या गोष्टीची कळकळ आहे, कारण शेजारणी कव्हरांची मागणी घेऊन येऊ लागल्या तेव्हा काहींना मला नाही म्हणावं लागलं. फ्रिजला चहूबाजूंनी झूल शिवून दे, असं एकीने सांगितलं. जुन्या फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी असे, तिथून उष्णता बाहेर पडायची. नव्या फ्रिजमध्ये त्या नळ्या बऱ्याचदा बाजूच्या पत्र्याआड असतात. हात लावला तर पत्रा कोमट लागतो तो त्यामुळे. तिथे कापूस गुंडाळला की ती उष्णता कोंडते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो. म्हणून फ्रिजला माथ्याचं कापड आणि मुठीचं आवरण, त्यापुढे काही नाही. गॅसच्या सिलिंडरला घागरा शिवायचं मी साफ नाकारलं. 14.2 किलोच्या त्या टाकीचा रेग्युलेटर अंधारातसुद्धा एका झटक्यात हाताला लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह आणि ओव्हनला शिवलं, पण त्यावर पुढच्या बाजूने बटणासारखी एक लाल गाठ ठेवली: प्लग काढलेला असेल आणि पत्रा गार असेल तरच कव्हर घालायचं, याची ती आठवण. ओव्हनचा पत्रा बंद केल्यानंतरही बराच वेळ तापलेला राहतो.

2014च्या सुमाराला बाजारात सुती रजयांपेक्षा पॉलिएस्टर भरलेले कम्फर्टर जास्त दिसू लागले. ते मशीनने टीप घातलेले असल्यामुळे कापायला सोपे, तगाईसारखे भराभर उसवत नाहीत, धुतले की लवकर वाळतात. एक घेऊन पाहिला. फुगीर इतका की कव्हर यंत्रावर उशीसारखं दिसे, आणि वरचं कापड तेलाचा डाग धरून ठेवी. शिवाय टोस्टरच्या गरम पत्र्याला टेकून एक कोपरा वितळला. सुती कापडही गरम पत्र्यावर टाकू नयेच, पण वितळून चिकटणारं कापड स्वयंपाकघरात नको, हे मी त्या दिवशी ठरवलं. पुढे सुतीच घेतल्या. थंडी सरताना रस्त्याकडेला रजया विकणारे मालाचा भाव उतरवतात, तेव्हा.

2020च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीत हे काम एकाएकी वाढलं. दुकानं बंद, सगळे घरी, दिवसातून तीन वेळा ओट्यावर स्वयंपाक. घरोघरी दिवाणांत पडून राहिलेल्या भेटीतल्या रजया बाहेर निघाल्या. मी गच्चीवर अंतर ठेवून चार-पाच जणींना टिपा घालायला शिकवलं. मापं फोनवरून येत. एका घरातल्या आजोबांनी जुन्या पायमशीनवर स्वतःच मिक्सरचं कव्हर शिवलं आणि सुनेला दिलं. त्यांचा गोट माझ्यापेक्षा सरळ होता.

तोवर आई माझ्याकडे राहायला आली होती. तिला दिसायचं कमी झालं होतं, पण कव्हर हातात घेऊन ती बोटांनी शिवण तपासायची. एकदा मी तिला विचारलं, "आई, आजी असती तर रागावली असती का गं, रजई कापली म्हणून?" ती बराच वेळ कापड चाचपत राहिली. "हिच्यात आपलं कुणी नाही ना," ती म्हणाली. "पण ज्या बाईनं टाके घातलेत ना, तिचा टाका वाया घालवू नकोस." त्यानंतर मी कापताना तगाईच्या ओळी पाहून माप बसवू लागले, जेवढ्या ओळी अखंड राहतील तेवढ्या राखून.

गेल्या वर्षी मुलीने पुण्यात भाड्याच्या घरात एअर फ्रायर घेतला आणि फोन केला, "आई, याला कव्हर शिवून दे ना. मिक्सरसारखंच, निळ्या बुट्ट्यांचं." निळ्या बुट्ट्यांची ती पहिली रजई कधीच संपली होती. घडी करून ठेवलेली पट्टी तेवढी काढली. तिच्यातून फक्त वरची टोपी निघाली. घेराचा पट्टा नव्या, मेंदीच्या रंगाच्या रजईचा लावावा लागला. दोन्ही रंग एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून मी तिला सांगितलं की तसं कापड मिळालं की टोपी बदलून देईन. कव्हर पोचल्यावर तिने फोटो पाठवला. टोपी वर, एअर फ्रायर खाली, आणि शेजारी तिच्या आजीचं इरकली पदराचं, 1978चं कव्हर, तिच्या मिक्सरवर घातलेलं. ते ती जाताना माझ्या कपाटातून घेऊन गेली होती. खाली लिहिलं होतं, "टोपी बदलू नकोस."