एक्सप्लेनर : भोकरदनकरांचे दान सांचीच्या दगडावर कसे पोहोचले?

चौकात शिल्प उभारायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो वर्गणीचा. जालना जिल्ह्यासाठी हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे.

भोकरदनचा संबंध काय?
केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. मध्य प्रदेशातील सांची आणि भरहुत येथील स्तूपांवरच्या ब्राह्मी लेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. ही कामे एकट्या राजाच्या खजिन्यातून झाली नाहीत. व्यापारी, भिक्खू, भिक्खुणी, गृहिणी यांनी दान दिले आणि त्यांची नावे दगडावर कोरली गेली.

गावात काय सापडले?
१९७३ मधील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेईत सापडली होती. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ही कला त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती.

आज पुतळा उभारायचा तर?
जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. पुढची देखभाल उभारणाऱ्या संस्थेकडेच असते.

मग फरक कुठे?
आजच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव ठळक असते, वर्गणीदार मात्र पावतीपुस्तकातच राहतात. सांचीत उलटे घडले. म्हणूनच भोकरदनच्या साध्या माणसांचे दान आजही वाचता येते.