डासाचे जन्मस्थान

भाद्रपदात पाऊस उघडला, तरी कर्जत-खालापूरच्या परसांत पिंपांतून व फुटक्या डब्यांतून पाणी साचून राहते. त्या स्वच्छ पाण्यात वाढणारा एडिस डास एका रोग्याच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याच्या रक्तात सोडतो.

१९७३ साली बार्शीस याच डासामुळे चिकुनगुन्या तापाची साथ आली. शेकडा सुमारे ३७ लोक आजारी पडले. बोरघाटापलीकडील पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील डॉ. पद्बिद्री यांनी तिचा अभ्यास केला.

या तापावर नेमके औषध नाही. उपाय डासाच्या जन्मस्थानीच करावा लागतो. त्याची अंडी भांड्याच्या कडांना चिकटतात व कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्यास पिंप नुसते रिकामे न करता घासून वाळवावे. हे काम मुलांनाही करता येते.