जळवेची पेशी आणि सिलिकॉनचा तुकडा

मज्जापेशीच्या पटलातून सोडियम आणि पोटॅशियम यांचे विद्युत्‌भारित कण आत-बाहेर करतात, आणि त्यायोगे काही सहस्रांश सेकंद टिकणारा, व्होल्टच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा स्पंद उमटतो. सिलिकॉनमध्ये मात्र वाहतात ते इलेक्ट्रॉन, आणि त्यांना खाऱ्या पाण्यातून मार्ग नाही. या दोन परक्या विजांची गाठ जर्मनीतील पेटर फ्रोमहेर्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली, आणि १९९१ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्यांनी निवडली ती जळवेची रेट्झियस नावाची पेशी. ही निवड मोठी मार्मिक होती, कारण मज्जापेशींच्या मानाने ती चांगलीच थोराड असून सूक्ष्मदर्शकाखाली उचलून इच्छित ट्रान्झिस्टरवर नेमकी बसविता येते. सिलिकॉनवरील ऑक्साइडचा रोधक थर दोहोंना परस्परांपासून अलिप्त राखतो. तरीही पेशीत स्पंद उमटताच थराखालील विद्युत्‌क्षेत्र बदलते, आणि त्या बदलाची वर्दी ट्रान्झिस्टरमधील प्रवाहाला पोचते. १९९५ साली याच्या उलट, सिलिकॉनकडून पेशीस चेतविण्याचेही साधले.

तथापि खरी अडचण विजेची नसून मधल्या फटीची आहे. पाण्यातील ऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणभारित आणि पेशीचे शर्करायुक्त आवरणही बहुतांशी ऋणभारित, म्हणून अशा प्रयोगांत पॉलिलायसीनसारख्या धनभारित रेणूंचा लेप देऊन पेशीला तेथे स्थिर करावे लागते; एवढे करूनही तिच्या तळाशी खाऱ्या द्रवाची काही दशक नॅनोमीटर जाडीची फट उरतेच, आणि भेगाळलेल्या पाटातून पाणी पाझरून जावे तसा बराचसा संकेत त्या फटीतून बाजूला निसटतो.

या फटीवर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मीखा श्पीरा आणि सहकाऱ्यांनी योजलेला उपाय मला अतिशय सुंदर वाटतो. त्यांनी अळंबीच्या आकाराचे सोन्याचे सूक्ष्म विद्युदग्र घडवून त्यांवर पेशीला धरून ठेवणारे पेप्टाइड चढविले, आणि समुद्री गोगलगाईच्या मज्जापेशींनी ते विद्युदग्र भक्ष्य गिळावे तसे आपल्या पटलात लपेटून घेतले. पेशीचे पटल न भेदता, जणू आतूनच टिपल्यासारखे संकेत त्यांना मिळाले. तो अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला.

मानवी मज्जातंतूंशी जोडावयाच्या साधनांवर जे विचार करतात, त्यांनी विद्युदग्र किती बारीक करावा याच्याइतकेच लक्ष त्यावर कोणता रेणू चढवावा याकडे दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.