तार कंपनीची, कान सरकारचा

आमचे सिद्धेश्वर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. बाहेरच्या माणसाला ते पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ठाऊक असते. वरच्या अंगाला येलदरी, खाली आमचे सिद्धेश्वर. पावसाळ्यात वरून पाणी आले की आमच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. पण कुणाच्या मनात आले म्हणून दरवाजा उघडत नाही. वरून हुकूम यावा लागतो, किती वाजता किती पाणी सोडले याची नोंद होते आणि नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. उद्या कुणाचे शेत वाहून गेले, तर दरवाजा कुणाच्या सांगण्यावरून उघडला हे विचारता येते.

आज मला अशाच एका दुसऱ्या दरवाजाविषयी बोलायचे आहे. तो आपल्या खिशातल्या फोनमध्ये असतो. तो कधी उघडला, कुणी उघडला, हे आपल्याला कळत नाही. आणि तो चुकून किंवा खोट्या कागदावर उघडला गेला, तर ज्या कंपनीच्या हातात त्याची किल्ली होती तिला जाब विचारायचा कसा, हा माझा आजचा प्रश्न आहे. मी वकील नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. पण बोललेला शब्द कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न कवीला परका नसावा.

माझ्या लहानपणी आमच्या दादीला वाचता येत नसे. चाचा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होते. त्यांचे पत्र आले की पोस्टमनकाका ओट्यावर बसून ते वाचून दाखवत. एकदा पत्र वाचता वाचता ते थांबले, इकडे तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दादी, हे तुमच्यापुरतंच." चाचांचे काम सुटले होते आणि चाचीला ते कळू द्यायचे नव्हते. गावातल्या निम्म्या घरांची गुपिते त्या एका माणसाला ठाऊक होती. पण ती कधी पारावर आली नाहीत. दादी म्हणायची, "दुसऱ्याची बात ही अमानत असते." अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. सांभाळायची आणि मागितली की हिशेब द्यायचा.

पत्रे फोडण्याचा अधिकार सरकारला असावा की नाही, यावर आपल्या देशात मोठा वाद होऊन गेला आहे. १९८६ साली संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. त्यात टपाल अडवण्याचे फार मोकळे अधिकार होते. तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि त्याचा कायदा झाला नाही. पुढे २०२३ साली नवा टपाल कायदा आला आणि २०२४ च्या जूनपासून तो लागू झाला. त्यात राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याची आणि उघडण्याची तरतूद आहे. शिवाय नियमांत सांगितली असेल तेवढी सोडून इतर कोणतीही जबाबदारी टपाल खात्यावर येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे अधिकार वाढला आणि उत्तरदायित्व आखडले. ही जोडी लक्षात ठेवा, कारण फोनच्या बाबतीतही तीच पुन्हा भेटते.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यातून. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा तसाच चालला. राजकीय मंडळींचे फोन ऐकले जातात अशी ओरड झाल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की फोनवरचे बोलणे हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. ऐकायचेच असेल तर गृहसचिवांचा लेखी हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता असेल, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांच्या पुढे जाणार नाही आणि एक समिती त्याची तपासणी करील. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे, असे एकमताने सांगितले. आता तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि फोन ऐकण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले आहेत. हुकूम अजूनही सचिवच देतात. तपासणीही सचिवांचीच समिती करते. त्यात न्यायाधीश नाही.

आता कंपनीकडे वळू. सरकारचा कान कितीही तीक्ष्ण असला तरी तार कंपनीची असते. हुकूमाचा कागद कंपनीच्या टेबलावर येतो आणि तिथला माणूस कळ फिरवतो. तो कागद खरा की खोटा हे पाहणे कुणाचे काम? याचे उत्तर एका खटल्यात मिळते. २००५ साली राजकीय नेते अमर सिंह यांचा फोन एका खासगी कंपनीने पोलिसांच्या पत्रावरून ऐकण्यासाठी जोडून दिला. ते पत्रच बनावट निघाले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की त्या कागदात ढोबळ चुका होत्या, शंका यायला हवी होती आणि कंपनीने तो खरा आहे का हे विचारून घ्यायला हवे होते. कंपनीचे काम सार्वजनिक स्वरूपाचे आहे, म्हणून तिने जबाबदारीने वागलेच पाहिजे, असेही न्यायालय म्हणाले. पण याचिका करणाऱ्याने काही गोष्टी न्यायालयापासून लपवल्या होत्या, म्हणून त्यांची याचिका फेटाळली गेली. तत्त्व सांगितले गेले. पुढचा हिशेब राहून गेला.

याच्याशी जुळणारा एक छोटा अनुभव माझाही आहे. काही वर्षांपूर्वी पोलिस ठाण्यातून निरोप आला की तुमच्या नंबरवरून कुणाची तरी फसवणूक झाली आहे. मी गेलो. नंबर माझा नव्हताच. पण त्या सिमकार्डाच्या अर्जाला माझ्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स जोडलेली होती. कुठल्या दुकानात कधी दिली होती, आठवत नाही. साहेबांनी नाव विचारले, मी सांगितले. त्यानंतर ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. त्या एका क्षणात माझ्या घशाला कोरड पडली. माणूस भला होता, चौकशी करून त्यांनी मला सोडले. पण तीन हेलपाटे झाले. कंपनीच्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, दुकानदाराला विचारा. दुकानदार म्हणाला, कंपनीने मंजूर केले, मी काय करू? माझे नाव वापरले गेले आणि त्याचे उत्तर द्यायला कुणीच नव्हते.

म्हणून जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत जे सांगितले ते मी दोनदा वाचले. आपला फोन 'अमजद खान' अशा नावाखाली, अमली पदार्थांच्या व्यवहारातला माणूस म्हणून ऐकला गेला, असा त्यांचा आरोप होता. २०२२ साली पुण्यात गुन्हा नोंदला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आरोप खरा होता की खोटा, हे मी ठरवणार नाही. पण त्यातून मनात आलेला प्रश्न सांगतो. कुठला नंबर कुणाच्या नावावर आहे, याची यादी कंपनीकडे असते. हुकूमात एक नाव आणि यादीत दुसरे, असे कधी झालेच, तर ते सगळ्यात आधी कंपनीला दिसेल. तिने हात वर करून "साहेब, हे जुळत नाही" असे म्हणायला नको का? आणि संशय यावा म्हणून आमच्यातले एखादे नाव पुरेसे वाटत असेल, तर अमजद नावाच्या प्रत्येक माणसाने काय समजावे?

कंपनी हात वर का करत नाही, याचे कारण कायद्याच्या तराजूत आहे. संगणकातून जाणाऱ्या मजकुराच्या बाबतीत सरकारी हुकूमाला साथ न देणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद आहे. उलट, बेकायदा फोन ऐकणाऱ्याला दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. शिवाय सद्‍भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारवर, अधिकाऱ्यांवर आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या माणसावर दावा चालणार नाही, असेही कलम आहे. मग कंपनी मान डोलावण्यातच शहाणपण मानणार.

अमेरिकेत ही ढाल उघडपणे देण्यात आली. न्यायालयाची परवानगी न घेता लोकांचे फोन ऐकले जातात, ही बातमी डिसेंबर २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली. मार्क क्लाईन नावाचा, एटी अँड टी कंपनीतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ पुढे आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारतीत ६४१ ए क्रमांकाची एक बंद खोली आहे आणि ग्राहकांचा इंटरनेटवरचा मजकूर तिकडे वळवला जातो, असे त्याने कागदपत्रांसह सांगितले. ग्राहकांनी कंपन्यांवर चाळीसच्या आसपास दावे लावले. तेव्हा जुलै २००८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून कंपन्यांना मागच्या तारखेपासून संरक्षण दिले आणि २००९ साली ते दावे निकालात निघाले. कंपन्या दोषी होत्या की निर्दोष, हे ठरलेच नाही. विचारण्याची वाटच बंद झाली.

आपल्याकडे इतके उघड काही करावे लागले नाही. अमेरिकेत ढाल कायद्याने दिली, इथे ती अंधाराने दिली आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला ते नंतरही कळवायचे, असा नियम आपल्याकडे नाही. मग दावा लावणार कोण? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे २००९-१० मधले तीन हुकूम रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचे कारण तिथे नव्हते, असे सांगून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. पण त्याला हे कळले कसे? त्याच्यावर लाचखोरीच्या प्रकरणात खटला होता आणि ती ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून पुढे आली, म्हणून. म्हणजे आरोपीला निदान कळते. ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, त्याला आयुष्यभर कळत नाही.

आणि तपासणी किती होते? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा २०१८ चा अहवाल पाहा. केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार हुकूम निघतात, अशी माहिती अधिकारात मिळालेली आकडेवारी त्यात आहे. दोन महिन्यांनी बसणाऱ्या समितीपुढे हे पंधरा ते अठरा हजार हुकूम होतात. एका बैठकीत इतके कागद कोण वाचणार? शिवाय कंपनीच्या माणसाला मध्ये न घेता थेट ऐकता यावे म्हणून केंद्रीय निरीक्षण प्रणाली उभी केलेली आहे. निदान कागद पाहणारा एक दरवान होता, तोही तिथे उरत नाही.

कुणी म्हणेल, फोन ऐकलेच नाहीत तर अतिरेकी सापडतील कसे? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातले बोलणे ऐकले गेले होते. ते कसाबच्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरले. असे ऐकलेच पाहिजे. माझा विरोध ऐकण्याला नाही, हिशेब न देण्याला आहे. आमच्या धरणाचे दरवाजे उघडूच नयेत असे कुणी म्हणत नाही. नोंद ठेवा, एवढेच म्हणतो.

मग मागायचे काय? हुकूमावर न्यायाधीशाची नजर असावी. काम संपल्यावर आणि तपासाला धोका नसेल तेव्हा संबंधित माणसाला कळवावे. किती हुकूम आले आणि किती संशयास्पद म्हणून परत पाठवले, याचा आकडा कंपनीने दरवर्षी छापावा. खोट्या कागदावर तार जोडली तर कंपनीला सद्‍भावनेच्या आड लपता येऊ नये, आणि भरपाई त्या माणसाच्या हाती पडावी. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरात काही पडत नाही.

हे आपल्या खासदारांना पत्राने विचारता येईल. तोवर दोन साध्या गोष्टी करा. झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवे लिहा. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर मुलांकडून पाहून घ्या. मी पाहिले, तेव्हा कुठे रात्री झोप लागली.

आमचे पोस्टमनकाका आता नाहीत. त्यांनी किती पत्रे वाचली, ते त्यांनाच ठाऊक. पण ते रोज त्याच गल्लीतून जात. एखादी गोष्ट फुटली असती तर दादीने त्यांना ओट्यावर बोलावून विचारले असते, आणि त्यांना उत्तर द्यावे लागले असते. कंपनीलाही कुणीतरी असे ओट्यावर बोलावू शकले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)