डबा भारी, पण रक्त वाढेल का?

मुंबईत 'वर्ल्ड टी अँड कॉफी एक्स्पो' हे चहा-कॉफीचे व्यापारी प्रदर्शन भरते. हिरवा, पांढरा, ऊलाँग, जास्वंदीचा असे नाना चहा आता आपल्या धाराशिवच्या दुकानांतही मिळतात. 'वजन घटते', 'शुगर उतरते' असे ऐकून मजुरीच्या पैशातून डबा घेतला जातो. माता-भगिनींनो, घेण्याआधी एवढे समजून घ्या.

आपला रोजचा चहा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे सगळे एकाच झाडाच्या पानांचे. फरक पाने वाळवण्या-मुरवण्याचा. या सगळ्यांत टॅनिनसारखी तुरट द्रव्ये असतात आणि ती भाजी-डाळीतले लोह अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून जेवणासोबत चहा नको. आधी आणि नंतर किमान एक तास जाऊ द्या. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. गरोदर बाईला ही गोळी १८० दिवस रोज लागते. ती आशाताईंकडे, उपकेंद्रात फुकट मिळते.

'गुळाचा चहा शुगरला चालतो' हाही गैरसमज. गुळानेही रक्तातली साखर वाढते. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते.

वजन घटवणाऱ्या काही चहांत सोनामुखी असते. ते जुलाबाचे औषध. उतरते ते अंगातले पाणी, चरबी नव्हे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी असा चहा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

स्टॉलवर पाकीट उलटे करून वाचा. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, घटक आणि तारीख पाहा. 'रोग बरा होतो' असे खाण्यापिण्याच्या पाकिटावर छापायला कायद्याने मनाई आहे. तसे छापलेले दिसले तर ते पाकीट तिथेच ठेवा.

वेगळी चव हवी असेल तर दारातला गवती चहा, आले, तुळस उकळा. चहापत्ती घातली नाही तर त्यात कॅफिनही नाही. डब्याचे पैसे वाचले तर मटकी, हरभरे, अंडी आणा. आणि थकवा, धाप, चक्कर असेल तर चहा बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.