हसवणारा माणूस भीती घालतो तेव्हा



मागे एकदा याच कार्यक्रमात आपण सिनेमातल्या खलनायकांबद्दल गप्पा मारल्या होत्या. त्यानंतर एका श्रोत्या ताईंनी मला गाठून विचारलं, "मॅडम, सिनेमात बाईच्या मागं लागणारा माणूस कायम लाल डोळ्यांचा, दाढी वाढवलेला का दाखवतात हो? माझ्या मागं लागला होता तो तर चांगला हसतमुख होता. सगळ्या गल्लीला हसवायचा." प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आणि मला एक इंग्रजी सिनेमा आठवला. त्यात असा हसतमुख माणूसच आहे आणि त्याचं काम जगातल्या एका फार मोठ्या विनोदी नटानं केलं आहे. आज त्याबद्दल बोलू.

नटाचं नाव रॉबिन विल्यम्स. नाव ओळखीचं नसलं तरी त्याचं काम तुमच्या घरात येऊन गेलेलं आहे. 'चाची ४२०' आठवतो ना? कमल हासन लुगडं नेसून, बाई बनून, आपल्याच मुलीला सांभाळायला बायकोच्या माहेरी कामाला लागतो. तो सिनेमा १९९७ चा. त्याची मूळ कल्पना ज्या अमेरिकन सिनेमातून आली, त्या १९९३ च्या 'मिसेस डाउटफायर'मध्ये ती म्हातारी बाई झाला होता रॉबिन विल्यम्स. 'अल्लादीन'च्या कार्टूनमधल्या जिनीचा मूळ इंग्रजी आवाजही त्याचाच. रंगमंचावर एकटा उभा राहून तास तास लोकांना पोट धरून हसायला लावणारा हा माणूस. २०१४ साली तो गेला.

याच नटानं २००२ साली 'वन अवर फोटो' नावाचा सिनेमा केला. दिग्दर्शक मार्क रोमानेक. त्यात तो साय पॅरिश नावाचा माणूस आहे. एका मोठ्या दुकानात, म्हणजे आपल्याकडे हल्ली मॉल झालेत तशा, एका कोपऱ्यात फोटो धुऊन द्यायचा काउंटर असतो. तिथं साय काम करतो. रोल द्या, तासाभरात फोटो घेऊन जा.

आता धाकट्या मैत्रिणींसाठी जरा थांबून सांगते, कारण रोल म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. कॅमेऱ्यात फिल्म भरायची, छत्तीस फोटोंचा रोल. एकेक फोटो जपून काढायचा. रोल संपायला कधी कधी गड्ड्याच्या यात्रेपासून दिवाळी यायची. मग तो रोल स्टुडिओत नेऊन द्यायचा. पावती मिळायची. आपले फोटो आपण बघायच्या आधी तिथल्या माणसानं बघितलेले असायचे. बारसं, साखरपुडा, मुलाचं टोपरं, नव्या सुनेचं माहेर, आजोबांचा शेवटचा फोटो, सगळं त्याला माहीत. नवीपेठेत म्हणा, सात रस्त्याला म्हणा, आपण कुणाच्या हातात काय देतोय याचा विचार आपण कधी केला नाही. न्हाव्याला, शिंप्याला, डॉक्टरला जसं आपण जवळ येऊ देतो तसंच हे.

साय या जागेवर अनेक वर्षं आहे आणि तो आपल्या कामात अगदी चोख आहे. मशिनमधून येणाऱ्या रंगात उणंअधिक झालं तर तो मशिन दुरुस्त करणाऱ्यावर चिडतो, कारण गिऱ्हाइकाचा फोटो नीट आलाच पाहिजे. त्याचं एक आवडतं गिऱ्हाईक म्हणजे यॉर्किन कुटुंब. आई नीना, बाप विल, लहान मुलगा जेक. त्यांचा रोल आला की साय प्रत्येक फोटोची एक जादा प्रत काढतो, स्वतःसाठी. एका दृश्यात त्याचं घर दिसतं. एकट्या माणसाचं, टापटीप, ओकंबोकं घर. आणि एक आख्खी भिंत या कुटुंबाच्या फोटोंनी भरलेली.

मैत्रिणींनो, त्या दृश्यात कुणी किंचाळत नाही, रक्त नाही. तरी अंगावर काटा येतो.

पुढचं थोडक्यात सांगते. तो नीनाच्या पिशवीत एक पुस्तक बघतो, दीपक चोप्रांचं. मग तेच पुस्तक विकत घेऊन, ती जिथं खायला बसली आहे तिथं तो जणू योगायोगानं येतो. अरे वा, तुम्ही पण हेच वाचता? तिला बिचारीला बरं वाटतं. बाजारातून एका अनोळखी बाईचा जुना फोटो विकत घेतो आणि ही माझी आई म्हणून दाखवतो. मनातल्या मनात तो यॉर्किनांच्या घरात फिरतो, सोफ्यावर बसतो, त्यांचा लाडका काका होतो. मग जादा प्रतींचा हिशोब लागतो आणि त्याची नोकरी जाते. त्याच सुमारास नीनाच्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे त्याला फोटोंमधूनच कळतं. आपण मनात बांधलेलं घर आतून पोकळ आहे हे त्याला सहन होत नाही आणि तो सुरा घेऊन हॉटेलात जातो. शेवट सांगत नाही.

आता मुद्दा असा, की यासाठी विनोदी नटच का घेतला? घाबरवणारे नट काय कमी होते?

मला वाटतं, विनोदी नट आपल्याकडून एक गोष्ट आधीच घेऊन बसलेला असतो, ती म्हणजे विश्वास. ज्यानं आपल्याला हसवलं त्याच्यापासून आपण सावध राहत नाही. दार उघडतो, चहा विचारतो. साय काउंटरमागून हसला की आपल्याला मिसेस डाउटफायरच आठवते आणि नीनासारखेच आपणही फसतो. दुसरं म्हणजे, हसवणं आणि घाबरवणं या दोन्हींचं कसब एकच आहे. नेमक्या क्षणी थांबणं. विनोदी नट ओठावर आलेलं वाक्य क्षणभर अडवतो आणि मग टाकतो, तेव्हा हशा पडतो. साय तोच क्षण अडवतो, पण वाक्य टाकतच नाही. नुसता हसत बघत राहतो. विल्यम्सचे हात, भुवया, आवाज एरवी एका जागी ठरत नसत. या सिनेमात त्यानं सगळं बांधून टाकलं आहे. केस पिवळट आणि विरळ, चालणं हळू, आवाज मऊ. त्याच वर्षी 'इन्सोम्निया' या सिनेमातही त्यानं खुनी लेखकाचं काम केलं, समोर अल पचिनो. म्हणजे हा एखाद्या सिनेमापुरता अपघात नव्हता.

आपल्याकडेही हे घडलंय. दिलीप प्रभावळकर घ्या. दूरदर्शनवरचे चिमणराव, 'हसवाफसवी'तली सहा सोंगं. त्याच प्रभावळकरांनी १९९३ च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू केला. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्यानं किती पोरांची झोप उडवली ते आयांना विचारा. माझ्या भाच्यानं त्यानंतर घरातला जोकर माळ्यावर टाकायला लावला होता. आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा घरोघरी लाडके झाले होते त्या सुमारास, २००२ सालीच, 'एन्काउंटर द किलिंग' या हिंदी सिनेमात ते पुनाप्पा नावाचे गुंड झाले. आबांच्याच चेहऱ्यात तो पुनाप्पा होता, हे मला अजून पटत नाही.

हे झालं पडद्यावरचं. आता घरातलं सांगते. ताईची परवानगी घेऊन सांगते.

१९९४ ची गोष्ट. थोरल्या बहिणीसाठी स्थळं बघणं सुरू होतं. स्थळाला पाठवायला पोस्टकार्ड साइजचा फोटो लागायचा. आई आम्हा दोघींना घेऊन स्टुडिओत गेली. नाव सांगत नाही. तिथला फोटो काढणारा माणूस भारी गमत्या होता. ताई हसावी म्हणून त्यानं म्हशीच्या रवंथाची नक्कल केली, आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. फोटो सुंदर आला. सहा प्रती घेतल्या.

पंधरा दिवसांनी तो ताईच्या टायपिंग क्लासच्या खाली दिसला. मग भाजी बाजारात. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दर वेळी काहीतरी गंमत करायचा, "काय ताई, फोटोसारखं हसा की जरा!" एके दिवशी त्यानं पाकीट उघडून दाखवलं. आत ताईचा फोटो. आम्ही सहा घेतल्या होत्या. सातवी प्रत त्याच्याकडं होती.

ताईनं घरी सांगितलं. काका म्हणाले, "तो व्हय? तो सगळ्यांचीच चेष्टा करतो. तुझ्याकडंच बघालाय असं तुला का वाटतंय?" आजी म्हणाली, तू हसली असशील. आईनं आम्हाला हसताना बघितलं होतं, स्वतः हसली होती, म्हणून ती गप्प राहिली. आई गप्प राहिली हे ताईला सगळ्यात जास्त लागलं. क्लास सुटला तो सुटलाच. चाळीसच्या स्पीडपर्यंत आली होती ती.

म्हणून मला 'वन अवर फोटो'बद्दल एक तक्रार आहे. सिनेमा चांगला आहे, पण तो सगळा सायच्या बाजूनं बघतो. त्याचा एकटेपणा, त्याच्या लहानपणी काहीतरी वाईट घडल्याची सूचना, सगळं आहे. नीनाला मात्र बराच वेळ काही माहीतच नसतं. भिंतीवर कुणाचे फोटो आहेत हे कळल्यावर तिला पुढं दुकानात जाताना, रस्त्यानं चालताना काय वाटलं असेल, ते सिनेमा विचारत नाही. 'मिसेस डाउटफायर'ही मला आता पूर्वीसारखा हसत बघता येत नाही, खरं सांगते. वेष बदलून, खोटं नाव सांगून बाईच्या घरात शिरणारा माणूस तिथंही आहेच. तो बाप आहे, पोरांसाठी तडफडतोय, म्हणून आपण हसतो. मीही हसले. पण बायकोला कळतं तेव्हा ती हादरते, तेवढं बघून घ्या पुन्हा.

आपल्या हिंदी सिनेमानं तर कमालच केली. 'डर' १९९३ चा. किरणच्या मागं लागलेला राहुल लोकांना इतका आवडला की पोरं त्याच्यासारखं अडखळत बोलून पोरींना हाका मारायची. आमच्या कॉलेजात रोज ऐकू यायचं ते.

ताईच्या वेळी पाठलाग नावाचा गुन्हाच कायद्यात नव्हता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली तो भारतीय दंड संहितेत आला, कलम ३५४ ड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम ७८ आहे. त्यात काय म्हटलंय ते साध्या भाषेत सांगते, कागद-पेन घ्या. बाईनं स्पष्टपणे नको असल्याचं दाखवल्यावरही पुरुष तिच्या मागं जातो, पुन्हा पुन्हा संपर्क करतो किंवा करायला बघतो, तर तो गुन्हा. ती इंटरनेट, ईमेल, मोबाइलवर काय करते यावर तो पाळत ठेवतो, तर तोही गुन्हा. पहिल्यांदा सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, यात जामीन मिळतो. दुसऱ्यांदा केला तर पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. त्यानं हात लावला पाहिजे, शिवी दिली पाहिजे, असं काही नाही. तो हसून बोलला, गंमत केली, हा बचाव नाही.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ती महिला पोलीस अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि 'नको' एकदा तरी स्पष्ट सांगा, शक्य असेल तर मेसेज करून, म्हणजे पुरावा राहतो. वहीत तारीख, वेळ, जागा लिहीत चला. आलेले मेसेज रागानं पुसून टाकू नका. बहुतेकजणी तेच करतात आणि मग दाखवायला काही उरत नाही.

स्टुडिओतला रोल गेला, पण काउंटर गेला नाही. रिचार्ज मारायला आपण नंबर मोठ्यानं सांगतो, मागं चार जण उभे असतात. मोबाइल दुरुस्तीला देताना पासवर्ड कागदावर लिहून देतो. त्यात किती छत्तीसचे रोल असतात, मोजा. शक्य तर फोटो आधी काढून घ्या, दुरुस्ती समोर बसून करून घ्या. दुकानदार चांगलाच असेल, बहुतेक असतातच. सायसुद्धा कामात चोख होता.

ताईचं लग्न पुढं लातूरला झालं. मागच्या दिवाळीत ती आली होती तेव्हा आम्ही दोघींनी हा सिनेमा माझ्या मोबाइलवर बघितला. ती भिंत आली तेव्हा तिनं हात पुढं करून सिनेमा थांबवला. थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आपल्या सहातल्या किती राहिल्यात गं?" मी अल्बम काढला. एकही नव्हती. पाच स्थळांकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. सहावी आईनं त्याच वर्षी बंबात घातली होती, हे ताईला माहीत नव्हतं. मी तेव्हा शेजारी उभी होते. परवा तिला सांगितलं.